लपवलेला अँटेना : बंधनं असलेल्या घरातून हॅम रेडिओ

हॅम रेडिओचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवलेल्या रेडिओ स्टेशनचे, लपवलेले अँटेना उघडे पडतात ते बहुतेक वेळा शेजारच्या स्पीकरमधल्या खरखरीमुळे. अर्ध्या मिलिमीटरची तार पाच-सहा मीटरवरून सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. पण प्रक्षेपणाची कळ दाबल्याबरोबर वरच्या मजल्यावरचा दिवा लुकलुकला किंवा इंटरकॉममधून घरघर आली, की लोक मान वर करून शोधू लागतात, आणि शोधणाऱ्याला तार सापडतेच. म्हणून इथे तार डोळ्यांआड करण्याबरोबरच कोॲक्सवरून (अँटेनाला रेडिओशी जोडणाऱ्या केबलवरून) परत येणारा आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचा प्रवाह) अडवण्यालाही तेवढीच जागा दिली आहे. पहिलं काम एका दुपारचं असतं. खरा वेळ दुसऱ्याला द्यावा लागतो.

आधी घराचे नियम शब्दशः वाचा. 'छतावर कायमची रचना नको' असं लिहिलं असेल तर रात्री लावून सकाळी उतरवायची तार किंवा घराच्या आतला अँटेना त्यात बसतो का, ते पाहा. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक न पाडता जमेल तेवढंच करा. परवाना आणि विजेच्या तारांपासूनचं अंतर या दोन बाबतींत मात्र लपवाछपवी नको. अँटेनाची कुठलीही तार तुटून, हेलकावून किंवा ओढताना निसटून विजेच्या तारेवर पडू शकत असेल, तर ती जागा कितीही सोयीची वाटो, सोडून द्या.

तार कोणती

वाइंडिंगची एनॅमल लावलेली तांब्याची तार, ०.४ ते ०.५ मिमी जाडीची, सगळ्यात सोपी. एवढ्या बारीक तारेत सिग्नल जिरून जाईल अशी धास्ती असते. आकडेमोड तसं म्हणत नाही. ७ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे २५ मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो, त्यामुळे ०.४ मिमी तारेचा आरएफ रोध मीटरला साधारण ०.५५ ओहम येतो. २० मीटरच्या अर्धतरंग (तरंगलांबीच्या निम्म्या) तारेत प्रवाह टोकांकडे घटत जातो. त्यामुळे प्रत्यक्षात मोजायचा रोध सुमारे ५.५ ओहम. अँटेनाचा स्वतःचा विकिरण रोध (लहरी होऊन बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिशोब) ७० ओहमच्या आसपास धरला तर नुकसान सात टक्के, म्हणजे एक-तृतीयांश डेसिबलच्या आसपास. पलीकडच्या माणसाला हे कळणारही नाही.

अडचण मजबुतीची आहे. ०.४ मिमीची मऊ तांब्याची तार दोन-अडीच किलोच्या ओढीने तुटते. झाडाला बांधलीत तर पहिल्याच वादळात गेली समजा. त्यावर दोन उपाय: तारेला भरपूर झोळ ठेवा, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार वापरा. ही तार मात्र गुंडाळीतून सुटताना स्प्रिंगसारखी उसळते, तेव्हा उलगडताना चष्मा घाला. बारीक तार तुटते यात एक फायदाही आहे: फांदी पडली तर तार जाते, भिंतीतला हूक उखडत नाही.

रंग पार्श्वभूमी पाहून निवडा. झाडीपुढे काळा किंवा गडद तपकिरी, आभाळापुढे फिकट राखाडी, भिंतीलगत भिंतीचाच. चकाकी जायला हवी. नव्या तारेवरून मॅट रंगाचा एक हात फिरवला तरी पुरतो. तारेपेक्षा टोकाचे इन्सुलेटर आणि दोऱ्या जास्त नजरेत येतात. चिनीमातीचे अंडाकार इन्सुलेटर ठेवून द्या. ॲक्रिलिकच्या दोन मिमी पत्र्याचा तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन भोकं पाडलेला, पुरेसा आहे. मासेमारीची पारदर्शक नायलॉन दोरी दिसत नाही खरी, पण उन्हाने ठिसूळ होते. कायमच्या कामाला काळी पॉलिएस्टर दोरी घ्या.

टोकाकडून फीड केलेली अर्धतरंग तार

मध्यभागी फीड होणाऱ्या, म्हणजे तिथे केबल जोडून शक्ती मिळणाऱ्या, डायपोलला (दोन सारख्या भुजांच्या अँटेनाला) मधोमध लोंबणारा कोॲक्स लागतो, आणि तोच चुगली करतो. टोकाकडून फीड केलं की कोॲक्स खिडकीपाशीच संपतो. ४० मीटर बँडसाठी (नाव तरंगलांबीवरून, फ्रीक्वेन्सी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कापलेली सुमारे २० मीटरची तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते, कारण १४.२, २१.३ आणि २८.४ या ७.१ च्याच पटी आहेत. जागा निम्मी असेल तर १० मीटरची तार २० आणि १० मीटर बँड देते. लांबीचं सूत्र: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. प्लास्टिकचं आवरण असलेली तार तीन ते पाच टक्के आखूड लागते.

अशा तारेच्या टोकाला अडीच-तीन हजार ओहमचा प्रतिरोध असतो. तो ५० ओहमवर आणायला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. सामान:

- एफटी२४०-४३ फेराइट टोरॉइड (कड्याच्या आकाराचा गाभा), एक
- ०.८ ते १ मिमी एनॅमल तार, साधारण दीड मीटर
- १०० पिकोफॅरड, किमान २ किलोव्होल्टचा सिरॅमिक किंवा सिल्व्हर मायका कपॅसिटर
- प्लास्टिकचा राखाडी जंक्शन बॉक्स, कोॲक्सचं सॉकेट, स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि पाकळी नट

प्रायमरीसाठी ३० सेंटिमीटर तार बाजूला काढा. तिचे दोन वेढे हवेत, आणि सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांशी ती पिळून घ्यायची. सेकंडरीचे एकूण वेढे १४. तार टोरॉइडच्या भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजाल तर हमखास एकाने चुकाल. सात वेढे झाल्यावर तार टोरॉइडच्या आरपार पलीकडे न्या आणि उरलेले सात तिथे घाला, म्हणजे इनपुट एका बाजूला आणि उच्च दाबाचं टोक दुसऱ्या बाजूला येतं. प्रायमरी आणि सेकंडरीची सुरुवातीची टोकं एकत्र करून सॉकेटच्या बाहेरच्या भागाला जोडा, प्रायमरीचं दुसरं टोक मधल्या पिनला, सेकंडरीचं दुसरं टोक बोल्टला. कपॅसिटर थेट सॉकेटवर, मधली पिन आणि बॉडी यांच्यामध्ये. त्याचा उपयोग १५ आणि १० मीटरला दिसतो. सोल्डरिंगआधी एनॅमल पूर्ण खरवडा. बाहेरून चकचकीत दिसणारा आणि आत एनॅमलच असलेला डाग हा या ट्रान्सफॉर्मरचा सगळ्यात नेहमीचा आजार.

तार जोडण्याआधी चाचणी घ्या. २.२ किलोओहम आणि २७० ओहमचे साधे फिल्म रेझिस्टर एकसर जोडून सेकंडरीच्या टोकापासून बॉडीपर्यंत लावा आणि नॅनोव्हीएनएने (अँटेनाची जुळणी मोजणाऱ्या छोट्या यंत्राने) पाहा. ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा, १ म्हणजे अचूक) १.५ च्या आत यायला हवा. याहून बराच जास्त आला तर वेढे मोजा. तीन-चारच्या खूप वर गेला तर प्रायमरी कुठेतरी तुटलेली असू शकते. या रेझिस्टरवर रिगमधून (रेडिओ संचातून) प्रक्षेपण करू नका, क्षणात जळतील.

तार सुरुवातीला २०.६ मीटर घ्या. लांबी जुळवताना कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच गुंडाळा. आवरणाच्या तारेत दुमडलेला भाग जवळपास नसल्यासारखाच वागतो, आणि चूक झाली तर उलगडता येतो. भिंत, झाड, जमीन जवळ असली की अनुनाद (तार ज्या फ्रीक्वेन्सीला जुळते ती) खाली येतो, त्यामुळे मोकळ्यात जुळवून आणलेली तार जागेवर पुन्हा मोजावीच लागते. तार ७.१ वर नेमकी बसवली की दहा मीटरवरचा अनुनाद बँडच्या वरच्या अंगाला सरकतो, ७.० च्या आसपास जुळवली तर सगळ्या बँडवर तडजोड बरी बसते.

जोरकस सूचना विजेच्या दाबाबद्दल. १०० वॉटला ट्रान्सफॉर्मरच्या टोकाशी सुमारे ५०० व्होल्ट आरएमएस, शिखर ७०० व्होल्ट असतात, आणि तारेच्या लांबच्या टोकालाही तसाच दाब असतो. हात लागला तर आरएफचा चटका खोलवर भाजतो. म्हणून दोन्ही टोकं माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. वाळलेलं गवत, पानं, लाकडाची फट टोकाला टेकू देऊ नका.

टोरॉइड तापतो का, ते पाहा. बोलताना १०० वॉट चालतात, पण एफटी८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) सारख्या सलग प्रक्षेपणात ३० वॉटच्या आसपास थांबा. प्रक्षेपण चालू असताना एसडब्ल्यूआर हळूहळू चढत असेल तर गाभा तापतोय, एवढाच त्याचा अर्थ.

चोक

टोकाकडून फीड केलेल्या तारेला परतीची वाट लागते आणि ती न दिल्यास कोॲक्सचं बाहेरचं अंग तो प्रवाह घरात आणतं. घरातला प्रत्येक चार्जर, राउटर आणि स्पीकर मग अँटेनाचाच भाग होतो: जाताना आरएफ त्यांच्यात शिरतो, ऐकताना त्यांचा कचरा रिसीव्हरमध्ये येतो.

ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर अंतरावर कोॲक्समध्ये चोक (हा प्रवाह अडवणारी, फेराइटवरची गुंडाळी) घाला. एफटी२४०-३१ टोरॉइडवर आरजी-५८ चे १२ ते १४ वेढे, मध्ये एकदा पलीकडे नेऊन. ट्रान्सफॉर्मर ते चोक हा दोन मीटरचा कोॲक्सच ४० मीटरवर काउंटरपॉइजचं (परतीच्या वाटेचं) काम करतो, वेगळी तार लागत नाही. चोक थेट ट्रान्सफॉर्मरला चिकटवलात तर ही वाटच बंद होते आणि एसडब्ल्यूआर हाताच्या स्पर्शाने बदलू लागतो. कोॲक्स मुठीत धरल्यावर एसडब्ल्यूआरचा आकडा हलला तर समजा, चोक कमी पडतोय किंवा चुकीच्या जागी आहे. ही तपासणी व्हीएनएने करा, प्रक्षेपण चालू असताना नाही. दुसरा चोक रिगच्या मागे.

केबलवर एक क्लिपवाला फेराइट मणी अडकवून ७ मेगाहर्ट्झला काहीही होत नाही. प्रतिरोध साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एकाऐवजी पाच वेढे घेतले की पंचवीसपट. म्हणून मोठ्या भोकाचा, ३१ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाचा मणी घ्या आणि केबल पाच-सहा वेळा आरपार न्या.

कोॲक्स लपवण्यासाठी आरजी-१७४ मोहक वाटतो, जाडी जेमतेम पावणेतीन मिमी. २० मीटर बँडला त्याच्या दहा मीटरमध्ये साधारण सव्वा डेसिबल जातो, चालेल. १४५ मेगाहर्ट्झला तेवढ्याच लांबीत निम्म्याहून जास्त शक्ती जाते. तिथे तो फक्त खिडकीच्या फटीपुरता, अर्धा-एक मीटर वापरा.

तार कुठे दडवायची

वळचण ही पहिली पसंती. छपराच्या कडेखालून तार फिरवली तर वरून दिसत नाही, खालून सावलीत हरवते. प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांवर भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर दूर ठेवा. कोपऱ्यावर वळण घ्यायला हरकत नाही, पण ९० अंशांपेक्षा तीव्र नको. तार स्वतःवरच परत आली की दोन्ही भाग एकमेकांना खाऊन टाकतात. ४० मीटरवर तारेच्या मधल्या भागात प्रवाह जास्त असतो, तोच सर्वांत उंच आणि मोकळा ठेवा. टोकं कशीही लोंबू द्या. एवढ्या कमी उंचीवर ४० मीटरचा सिग्नल बराचसा आभाळाकडे जातो, म्हणजे काहीशे किलोमीटरवरची स्टेशनं छान, समुद्रापलीकडची कष्टाने.

पावसाच्या पाण्याचा उभा पीव्हीसी पाइप झकास असतो. जुन्या पाइपाशेजारी त्याच रंगाचा, पाणी न नेणारा एक कोरडा पाइप उभा केला की कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. आतून १० मीटर तार सोडा, वर बूच, खाली राखाडी जंक्शन बॉक्स. काळ्या प्लास्टिकमध्ये कधी कधी कार्बन असतो. संशय असेल तर व्हीएनएने तार पाइपाबाहेर आणि आत अशी दोन्हीकडे मोजा. अनुनाद थोडा खाली सरकणं साहजिक आहे, पण एसडब्ल्यूआरच्या आलेखातली दरी एकाएकी रुंद आणि उथळ झाली तर पाइप शक्ती खातोय.

पत्र्याची पन्हळ आयती लांबलचक असते, म्हणून तिच्यावर ट्यूनर (जुळवणीचा डबा) लावून तिचाच अँटेना करायचा मोह होतो. तिचे सांधे सीलंटने जोडलेले असतात, विजेच्या दृष्टीने तुटकच. गंजलेला सांधा डायोडसारखा वागून हार्मोनिक्स (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले नकोसे सिग्नल) तयार करतो आणि शेजारच्या टीव्हीत पाठवतो. प्रत्येक सांध्यावर स्क्रू आणि तांब्याची विणलेली पट्टी घालायची तयारी नसेल तर पन्हळीच्या नादी लागू नका.

पोटमाळा कौलं किंवा लाकडाचा असेल तर डायपोल आत आडवा टांगा आणि उरलेली टोकं खाली वाकवा. छप्पर पत्र्याचं किंवा उष्णतारोधक थराला धातूचा पापुद्रा असेल तर प्रयत्नच करू नका. घराचं वायरिंग पोटमाळ्यातून जातं, त्याच्याशी तार समांतर नको. ओलांडायचीच तर काटकोनात.

अंगण असेल तर झेंड्याचा खांब. फायबरग्लासच्या पोकळ खांबात पाच मीटर तार उभी केली की २० मीटरचा पाव-तरंग व्हर्टिकल झाला. मेहनत जमिनीत आहे: पाच-पाच मीटरच्या किमान १६ रेडियल तारा (खांबाच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या), गवतात दोन-तीन सेंटिमीटर खोल. विळ्याने चीर पाडा, तार दाबा, चीर पायाने बंद करा. दोन आठवड्यांत गवत सगळं झाकतं. जमिनीवरच्या रेडियलची लांबी नेमकी असायची गरज नाही, तार उरली असेल तर लांबीपेक्षा संख्या वाढवा. झेंड्याची दोरी पॉलिएस्टरची, पोलादी नव्हे.

फक्त बाल्कनी असेल तर

सिमेंटच्या इमारतीत लोखंडी कठड्याला समांतर बांधलेली तार फार काही देत नाही. तिथे छोटा मॅग्नेटिक लूप (कपॅसिटरने जुळवलेलं नळीचं वर्तुळ) बरा. २२ मिमी तांब्याच्या नळीचा एक मीटर व्यासाचा लूप घेतला तर त्याचं इंडक्टन्स सुमारे २.४५ मायक्रोहेन्री, आणि १४.१ मेगाहर्ट्झला साधारण ५२ पिकोफॅरड लागतात. आता खरी गोम: विकिरण रोध जेमतेम ०.०९ ओहम आणि नळीचा स्वतःचा रोध ०.०४५. एखाद्या ढिल्या सांध्याने ०.०५ ओहमची भर घातली की कार्यक्षमता अडुसष्ट टक्क्यांवरून पन्नासवर. म्हणून नळी एकसंध, कपॅसिटरची जोड डाग दिलेली, स्क्रूने आवळलेली नव्हे. कपॅसिटर बटरफ्लाय किंवा व्हॅक्यूम प्रकारचा, ज्यात सरकता संपर्क नसतो. हाच लूप ४० मीटरवर नेला तर विकिरण रोध सोळापट घटतो आणि दहातला दीड वॉटही बाहेर पडणं अवघड होतं.

फक्त १० वॉटला अशा उत्तम लूपच्या कपॅसिटरवर अडीच हजार व्होल्टच्या वर शिखर दाब येतो. रेडिओतला जुना रिसीव्हिंग गँग (फिरवायचा कपॅसिटर) तिथे तडतडणारच. बँडविड्थ वीसेक किलोहर्ट्झ, म्हणजे फ्रीक्वेन्सी जराशी हलवली की पुन्हा जुळवणी. गिअर लावलेला नॉब किंवा छोटी मोटर हवीच. फीडसाठी आत २० सेंटिमीटर व्यासाचा लहान लूप, कपॅसिटरच्या समोरच्या बाजूला. प्रक्षेपण चालू असताना लूपच्या दोन मीटरच्या आत कुणी नको. कुंड्यांच्या मागे, वेल चढवायच्या लाकडी चौकटीवर तो शोभून दिसतो. वेल मात्र खरा लावू नका, ओली पानं कपॅसिटरची जुळवणी बिघडवतात.

व्हीएचएफला (इथे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) लपवाछपवी फारशी करावीच लागत नाही. ३०० ओहमच्या पट्टी तारेचा (दोन समांतर तारांच्या चपट्या केबलचा) जे-पोल (उभा अँटेना) सुमारे १.४ मीटर लांब होतो: खालचं टोक दोन्ही तारा जोडून बंद, कोॲक्स तिथून तीन सेंटिमीटर वर, आणि एका तारेत खालून साडेबेचाळीस सेंटिमीटरवर सहा मिमीचा खंड. कोॲक्सची मधली तार लांब बाजूला, जाळी आखूड बाजूला. वरचं टोक जरा लांबच ठेवून पाच-पाच मिमी छाटत १४५ वर आणा. पडद्याच्या मागे टांगा, किंवा २० मिमी पीव्हीसीत घाला. पीव्हीसीत गेल्यावर तो थोडा खाली सरकतो, म्हणून शेवटची छाटणी पाइपात ठेवूनच. खिडकीच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर आतला अँटेना भिंतीआड ठेवल्यासारखाच, काच उघडी ठेवा.

सुरू करताना

पहिल्या दिवशी १०० वॉट नको. पाच वॉटने सुरुवात करा, आणि घरातली दुसरी व्यक्ती दिवे, राउटर, स्पीकर, धूरसूचक, गळती-प्रवाहाचा ब्रेकर यांवर लक्ष ठेवू दे. मग २०, मग ५०. ज्या पातळीला काहीतरी वागायचं बंद होतं, तिच्या बऱ्याच खाली राहा किंवा त्या उपकरणाच्या केबलवर वेढ्यांचा फेराइट घाला. एफटी८ चे सिग्नल २५०० हर्ट्झमधल्या गोंगाटाच्या वीस डेसिबल खालूनही उकलतात, मोर्सलाही फार शक्ती लागत नाही. लपलेल्या अँटेनाला दहा वॉटचं काम शोभतं. पोटमाळ्यातला किंवा खिडकीतला अँटेना माणसांच्या जवळ असतो, तेव्हा आरएफ संपर्काची मर्यादा तुमच्या शक्तीला आणि बँडला गणकात घालून तपासा. झोपायच्या खोलीच्या भिंतीमागची तार असेल तर शक्ती आपोआप कमी ठरते.

गोंगाट शोधायला रिग बॅटरीवर चालवा आणि घरातले ब्रेकर एकेक करून बंद करत जा. रिगचा सिग्नल मीटर ज्या ब्रेकरला एकदम खाली येईल, त्या सर्किटवरची उपकरणं एकेक उपसा. बहुतेक वेळा दोषी निघतो तो स्वस्त चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर. तो बदलणं हा अँटेना उंच करण्यापेक्षा मोठा फायदा असू शकतो, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

जंक्शन बॉक्सला खालच्या बाजूला तीन मिमीचं भोक ठेवा. पूर्ण बंद खोक्यात दमटपणा साचून कोॲक्सच्या जाळीत शिरतो, आणि मग एसडब्ल्यूआर छान दिसतो पण सिग्नल कुठेच जात नाही, कारण गळका कोॲक्स परतणारी शक्तीही खातो. सॉकेटवर स्वतःशीच चिकटणाऱ्या रबरी टेपचे दोन थर, त्यावर साधी टेप. खिडकीत शिरण्याआधी कोॲक्सला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल. ढग गडगडू लागण्याच्या आधीच कोॲक्स रिगपासून काढून खोलीबाहेर ठेवायची सोय करा. बाहेरच्या तारेला अरेस्टर (विजेचा दाब जमिनीत सोडणारं साधन) लावलात तरी त्याची भू-जोडणी इमारतीच्या मुख्य भू-जोडणीशी जोडलेली हवी, आणि ते काम विजेच्या तंत्रज्ञाकडून करून घ्या.